जुन्या गाडीचं इंजिन ८५ हजारांना करून घ्यावं की गाडी आहे तशी विकून टाकावी?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, आठ महिन्यांपूर्वी दलालाकडून २ लाख १० हजारांना घेतलेली, १ लाख १२ हजार किलोमीटर चाललेली. मागच्या आठवड्यात घोडबंदर रोडला मानपाड्याच्या ट्रॅफिकमध्ये गरम होऊन बंद पडली. थंड झाल्यावर चालू झाली, पण थरथरत. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, दोनदा रेस केली आणि म्हणाला, "इंजिन करावं लागेल, ८५ हजार धरून चला." म्हणजे इंजिन पूर्ण उघडून झिजलेले भाग बदलायचे.

मी मेकॅनिक नाही. राहते खारीगावला, नोकरी तुर्भ्याला, आणि घरात गाडी चालवणारी मी एकटीच. पण २०१९ च्या मे महिन्यात माझ्यावर हीच वेळ आली होती, फक्त मला सांगितलेला आकडा ६८ हजार होता. काम शेवटी २३,५०० मध्ये झालं आणि गाडी पुढे चार वर्षं पळाली. तुमचंही तसंच होईल असं मी म्हणत नाही, तुमचं कदाचित खरंच ८५ हजारांचं निघेल. मात्र बॉनेट उघडून सांगितलेल्या आकड्याला निदान म्हणत नाहीत. डॉक्टरने नाडी न बघता ऑपरेशनची तारीख दिली तर आपण दुसऱ्या डॉक्टरकडे जातोच ना?

आधी माझी चूक सांगते, कारण तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यावरून वाटलं की तुम्हीही तीच केली असावी. "काटा वर गेला होता पण घर जवळच होतं" असं तुम्ही लिहिलंय. काटा म्हणजे डॅशबोर्डवरचा, इंजिनाचं तापमान दाखवणारा.

माझ्या वेळी आम्ही पनवेलला एका लग्नाला निघालो होतो. मुहूर्त १२ वाजून ४१ मिनिटांचा, मागच्या सीटवर सासूबाई आणि त्यांच्या मांडीवर आहेराची पिशवी. मुंब्रा बायपासच्या चढावर काटा अर्ध्याच्या वर गेलेला मी पाहिला. शिळफाट्याला ट्रॅफिकमध्ये तो लाल पट्टीला टेकला. एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि चालवत राहिले, कारण तळोजा ओलांडलं की रस्ता मोकळा मिळेल अशी आशा. कळंबोलीच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले आणि झोपली. सासूबाई रिक्षाने पुढे गेल्या, अक्षता त्यांना मिळाल्या, मी पुलाखाली दोन तास टोइंगची वाट बघत उभी.

खरं तर गाडी तीन आठवडे आधीपासून सांगत होती. सिग्नलला उभी राहिली की एसी गरम हवा फेकायचा, गाडी पळायला लागली की पुन्हा गार. मला वाटलं गॅस कमी झालाय. प्रत्यक्षात रेडिएटरचा पंखा मरायला टेकला होता. गाडी पळत असताना समोरून वारा येतो, त्यामुळे पंख्याची उणीव जाणवत नाही. उभी राहिली की एसीचा कंडेन्सर आणि त्यामागचा रेडिएटर, दोघांनाही वारा मिळत नाही. आधी एसी कुरकुरतो, मग एखाद्या मोठ्या ट्रॅफिकमध्ये इंजिन. तुमचा एसी गेल्या महिन्या-दोन महिन्यांत सिग्नलला असा वागत होता का, आठवून बघा.

गाडी टो करून एका गॅरेजला नेली. तिथल्या माणसाने पाच मिनिटांत निकाल दिला, "फुल इंजिन, ६८ हजार," आणि वर, "साहेबांना पाठवा ना मॅडम, त्यांच्याशी बोलतो." आमच्या साहेबांना गाडीचं पेट्रोलचं झाकण कुठल्या बाजूला आहे तेही माहीत नाही, पण ते असो.

मी जवळजवळ हो म्हणाले होते. रात्री साताऱ्याला भाऊजींना फोन केला. माझे मोठे दीर, सगळं आयुष्य एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "कॉम्प्रेशन किती आलं?" (म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो.) मी म्हटलं, मोजलंच नाही. "मग त्याला कसं कळलं? गाडी उचल तिथून. कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय कुणाला एक बोल्टसुद्धा खोलू देऊ नकोस."

दुसऱ्या गॅरेजने सरळ सांगितलं की आमच्याकडे गेज, म्हणजे हा दाब मोजायचं मीटर, नाही. तिसरा, कळव्याचा एक म्हातारा मिस्त्री, म्हणाला की गेज आहे पण कुणी विचारत नाही. त्याने ८०० रुपये घेतले. चारही प्लग काढले, इग्निशन आणि इंजेक्टरची वायर सोडवली, प्लगच्या भोकात गेज बसवलं आणि मला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायला सांगितलं. टच-टच-टच करत काटा चढतो, पाच-सहा ठोक्यांत थांबतो. मी आकडे त्याच लग्नाच्या पत्रिकेच्या पाकिटावर लिहिले: १६५, ६०, ५५, १६०.

मिस्त्रींच्या भाषेत हे पौंड, म्हणजे पीएसआय. साध्या पेट्रोल इंजिनाला १५० ते २०० च्या आसपास मिळालं आणि चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ असले तर इंजिन ठीक. माझे पहिला आणि चौथा ठणठणीत, मधले दोन एकदम खलास. मग त्याने त्या दोघांत चमचाभर इंजिन ऑइल ओतलं आणि पुन्हा मोजलं. आकडा हलला नाही. तो म्हणाला, "पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर तेलाने फट बुजली असती, काटा चढला असता. शेजारचे दोन एकत्र मेलेत म्हणजे मधलं पॅकिंग जळलंय."

हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडलं तेव्हा त्याने मला बोलावून दाखवलं. हेड गॅस्केटला, ज्याला सगळे हेड पॅकिंग म्हणतात, चार मोठी भोकं असतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या भोकांच्या मधली पट्टी, करंगळीच्या नखाएवढी रुंद, जळून काळी पडली होती आणि एका जागी तुटली होती. एका सिलिंडरचा दाब तिथून शेजारच्यात जात होता. खालचे पिस्टन, सिलिंडरच्या भिंती स्वच्छ. क्रँकला, म्हणजे पिस्टन ज्याला जोडलेले असतात त्या खालच्या फिरत्या दांड्याला, हात लावायचीही गरज नव्हती. हेडवर त्याने स्टीलची सरळ पट्टी धरली आणि खाली फिलर गेजची पानं सरकवून बघितली. मधोमध ०.१५ मिलिमीटरचं पान आत गेलं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ०.०५ च्या वर खपवून घ्यायचं नाही. ॲल्युमिनियमचं हेड तापलं की असं वाकतं. मग ते वागळे इस्टेटमधल्या मशीन शॉपला फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, गेलं, दोन दिवसांनी परत आलं.

बिल अजून माझ्याकडे आहे. गॅस्केट सेट २,९००, हेड फेसिंग आणि व्हॉल्व्ह लॅपिंग ३,२००, नवे हेड बोल्ट ८५०, वॉटर पंप २,१००, थर्मोस्टॅट ९००, पंख्याची मोटर २,६००, ऑइल-फिल्टर-कूलंट ३,४५०, मजुरी ७,५००. हे २०१९ चे आकडे, आज जास्तच लागतील. पण रोगाचं मूळ होतं ते २,६०० रुपयांच्या मोटरमध्ये. थर्मोस्टॅट आधीच्या मालकाने काढूनच टाकला होता आणि कूलंटऐवजी नळाचं पाणी भरलं होतं. गंजलेलं चहाच्या रंगाचं पाणी निघालं.

आता तुमचं. गाडी थंड असताना दोन-तीन गोष्टी तुम्ही स्वतः बघू शकता. रेडिएटरचं झाकण उघडायचं ते फक्त पूर्ण थंड असताना, नाहीतर तोंडावर उकळतं पाणी येतं, हे चेष्टेत घेऊ नका. कूलंटवर तेलाचा तवंग आहे का बघा. डिपस्टिक ओढा. तेल दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर पाणी तेलात गेलंय. मात्र तेल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला थोडी पांढरट साय दिसली म्हणून घाबरू नका. पावसाळ्यात रोज स्टेशनपर्यंतच जाणाऱ्या गाडीला ती नुसत्या दमटपणानेही येते. डिपस्टिक जास्त खरं बोलते.

धुराचा रंगही सांगतो. थंड सकाळी थोडी वाफ सगळ्याच गाड्यांना येते, पण गरम झाल्यावरही पांढरा धूर चालूच असेल आणि कूलंट कमी होत असेल तर पॅकिंग. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय, रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, त्याचा इंजिन उघडण्याशी बहुतेक वेळा संबंध नसतो. मिस्त्री चालू इंजिनाची डिपस्टिक बाहेर काढून बघेल. तिथून भसाभस धूर आला तर तो "बॅक कॉम्प्रेशन मारतंय" म्हणेल. हे वाईट लक्षण, रिंग-पिस्टनचं. आणि इंजिनाच्या खालच्या अंगाने खणखणीत ठोके येत असतील, रेस केली की वाढणारे, तर बेअरिंग. तसं असेल तर पुन्हा एकदाही स्टार्ट करू नका, कारण दर मिनिटाला क्रँक खराब होतोय आणि क्रँक ग्राइंडिंगचा खर्च वेगळा.

बाकी काम गेजचं. चारही आकडे चांगले निघाले तर थरथर कदाचित कॉइल, प्लग किंवा इंजेक्टरची, स्कॅनर लावून कळेल. शेजारचे दोन पडलेले असतील तर माझ्यासारखं पॅकिंग. एकच पडलेला आणि तेल टाकूनही चढत नसेल तर बहुधा व्हॉल्व्ह, तेही हेडचंच काम. चारही कमी आणि तेल टाकल्यावर चढतात, मग मात्र गॅरेजवाला बरोबर होता, खालचं इंजिन झिजलंय. बोअरिंग, ओव्हरसाइझ पिस्टन, रिंगा, बेअरिंग असं सगळं आलं, आणि ८५ हजार हा आकडा मग फार चढा वाटत नाही.

मला तुम्हाला सगळ्यात जास्त सांगायचंय ते पुढचं. इंजिन एकदा उतरून टेबलावर गेलं की भाव करायची ताकद तुमच्याकडे राहत नाही. तोवर तुम्ही गाडी टो करून दुसरीकडे नेऊ शकता. त्यानंतर तुमच्याकडे असतं एक रिकामं बॉनेट आणि दोन गोण्या सुटे भाग. मग "साहेब, क्रँक पण घासलाय, अजून १८ हजार" असा फोन आला तर तुम्ही काय करणार? त्यामुळे आकड्याचा विचार इंजिन उघडायच्या आधी, घरी बसून, डोकं थंड असताना करा. या गाडीवर आणखी किती घालायचे त्याची एक रक्कम ठरवा, ती मिस्त्रीला सांगू नका, पण घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा. मी ३५ हजार ठरवले होते आणि ते माझ्या बहिणीला माहीत होते. हेड खोलायला परवानगी द्या, पण ब्लॉक, म्हणजे हेडखालचं इंजिन, उघडायच्या आधी फोटो आणि फोन. बदललेले पार्ट परत मागा. जुना वॉटर पंप, जुनं पॅकिंग पिशवीत भरून द्या म्हणायचं. चांगला मिस्त्री याने चिडत नाही. चिडला तर तेही कळलं.

हेडचं काम करायचं ठरलं तर हेड फेसिंगबरोबर प्रेशर टेस्ट करून घ्या. बारीक तडा गेला असेल तर नवं पॅकिंग फुकट जातं. हेड बोल्ट नवे, आणि ते टॉर्क रेंचने, मधून बाहेरच्या दिशेने क्रमाने आवळलेले. "हाताला अंदाज असतो" म्हणणाऱ्याच्या अंदाजावर मी तरी पैसे लावणार नाही. आणि गाडी गरम का झाली ते शोधल्याशिवाय काम संपलं असं समजू नका. पंखा, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, रेडिएटर यातलं काहीतरी बहुधा आधी मेलेलं असणार. ते तसंच ठेवून नवं पॅकिंग टाकलं तर सहा महिन्यांत पुन्हा त्याच दारात.

विकण्याबद्दल. २ लाख १० हजार तुम्ही दिलेत, ते आता विसरा. भाजी कुजली तरी जास्त पैशांची होती म्हणून कुणी खात नाही. आजचं गणित इतकंच: दुरुस्त झालेली ही गाडी बाजारात कितीला जाईल, बंद पडलेली कितीला, आणि मधल्या फरकापेक्षा दुरुस्ती स्वस्त आहे का. बंद गाडीला दलाल जो भाव सांगतात तो ऐकून बसायला खुर्ची लागते, म्हणून तो आकडाही आधीच दोन ठिकाणी विचारून घ्या. फुकट आहे. त्यात तुमची आरसी २०२७ मध्ये १५ वर्षांची होते. आपल्याकडे १५ वर्षांनी गाडी आपोआप बाद होत नाही, पण आरटीओत तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं आणि पर्यावरण कर भरावा लागतो. टायर, बॅटरी, सस्पेन्शनही पुढच्या वर्षात येणार असेल तर तेही याच कागदावर लिहा.

माझं मत सरळ सांगते. काम हेडपुरतं असेल, गाडीची बॉडी गंजलेली नसेल आणि पार्ट मिळत असतील तर करून घ्या, त्याच पैशांत दुसरी जुनी गाडी घेतलीत तर तिचे रोग तुम्हाला माहीत नसतील. पार्टचं म्हणाल तर स्विफ्ट-वॅगनआरचा पार्ट कुठल्याही नाक्यावर मिळतो. शेवरले भारतात २०१७ नंतर विकली जात नाही, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. अशा गाड्यांत आधी पार्टची किंमत आणि किती दिवसांत मिळेल ते विचारा. तुम्ही कंपनी लिहिली नाहीत. आणि काम खालच्या इंजिनाचं असेल तर मी तुमच्या जागी विकून टाकेन.

कुणीतरी तुम्हाला कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून जुनं इंजिन आणून बसवायचा सल्ला देईलच. स्वस्त पडतं, खरं आहे. पण त्याचा नंबर वेगळा असतो, तो आरटीओत आरसीवर चढवावा लागतो, त्यासाठी इंजिनाचं बिल आणि कागद लागतात. कागद नसलेलं इंजिन बसवलंत तर विम्याचा दावा आणि पुढची विक्री दोन्ही अडकतील. शिवाय ते इंजिन मूळ गाडीतून का निघालं हे कोण सांगणार?

विम्यातून काही मिळणार नाही. झिजलेलं किंवा तापून गेलेलं इंजिन साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत बसत नाही. दलालाचं म्हणाल तर त्याने व्हॉट्सॲपवर "इंजिन एकदम ओके" वगैरे लिहून दिलं असेल तर ते मेसेज जपून ठेवा. ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते. पण आठ महिने चालवून झाल्यावर, आणि काटा वर गेल्यावरही चालवत नेल्यावर, दोष त्याच्याकडचा होता हे सिद्ध करणं कठीण. त्या भांडणाच्या भरवशावर दुरुस्ती थांबवू नका.

पुढे कधी असा काटा चढलाच, ही गाडी असो की दुसरी, तर एसी बंद आणि हीटर पूर्ण चालू, ब्लोअर जोरात. हीटर हा आतला छोटा रेडिएटरच असतो, थोडी उष्णता खेचून घेतो. मे महिन्यात तुम्हाला घाम फुटेल, पण बाजूला घेईपर्यंतचं मिनिट मिळतं. बाजूला घ्यायची म्हणजे घ्यायचीच. हे मला भाऊजींनी नंतर सांगितलं. सासूबाईंनी ऐकलं असतं तर म्हणाल्या असत्या, लग्नाला निघालोय की सुनेने उकडायला काढलंय.

तर उद्या गाडी स्टार्ट न करता टो करून अशा ठिकाणी न्या जिथे कॉम्प्रेशन गेज आहे. फोन करून आधीच विचारा, "गेज आहे का?" बरेचजण गोल उत्तर देतील. चार आकडे मिळाले, आणि तेल टाकल्यावरचे वेगळे, की इथे खाली लिहा, गाडीची कंपनी-मॉडेलही लिहा. मी भाऊजींना विचारून सांगते. रिटायर झालेत, त्यांना असं कुणी विचारलं की बरं वाटतं.